आधी आईला फोन, मग टेण्ट बुक!

शुक्रवारची दुपार. समोर डेडलाइन, पण डोकं केव्हाच ऑफिसातून सटकलेलं. नेमका अशाच वेळी मोबाइलवर तो फोटो येतो. निळंशार पाणी, काठावर रंगीबेरंगी तंबू, दिव्यांच्या माळा, शेकोटी, बार्बेक्यू. 'माणशी एवढे, जेवण-नाश्ता धरून.' झालं! आपण तो फोटो घरच्या ग्रुपवर टाकून मोकळे. गेल्या वर्षी जानेवारीत मी अगदी हेच केलं आणि जाम पस्तावले.

आम्ही पाच जण होतो. दादा, वहिनी, माझी साडेचार वर्षांची पुतणी, मी आणि खास लासुर्ण्याहून आलेली आई. लासुर्णे म्हणजे बारामतीहून इंदापूरला जाताना लागतं, ते आमचं गाव. आईला बेत सांगितला तर म्हणाली, "पैसं देऊन तंबूत निजायचं? वारीत फुकट निजतो की आम्ही!" आम्ही खो खो हसलो.

जागेचं नाव सांगत नाही. पुण्याभोवती कुठल्याही धरणाच्या काठाला तशा जागा सापडतील. मित्रांबरोबर गेले असते तर कदाचित फुल टू धमाल आली असती. पण फॅमिलीसोबत? चाळीस-पन्नास माणसांत दोन टॉयलेट. तीही तंबूपासून लांब, वाटेवर दिवा नाही आणि एकाची कडी तुटलेली. स्पीकर रात्री अडीचपर्यंत. तंबू उतारावर, त्यामुळे पुतणी झोपेत घरंगळत सारखी पायथ्याशी. पाणी तर पंधरा पावलांवर, ना दोरी, ना राखण. वहिनी रात्रभर लेकीच्या फ्रॉकचं टोक मुठीत धरून जागी होती.

सकाळी चहाच्या वेळी कळलं की आई आदल्या संध्याकाळी सहापासून पाणीच प्यायली नव्हती. बीपीची गोळीसुद्धा एका घोटावर ढकललेली. का? तर "अंधारात कुठं सारखं उठायचं बाई." चेहऱ्यावर तक्रार नाही, हे आणखी वाईट. मी पत्रकार. लोकांना प्रश्न विचारून पोट भरते. आणि माझ्याच आईला जिथे झोपवलं, त्या जागेबद्दल मी एकच प्रश्न विचारला होता- "जीपे चालेल ना?"

तंबू कसा निवडायचा याची शिकवणी मग मला गावातच मिळाली. देहूहून निघालेली तुकोबांची पालखी आषाढात आमच्या रस्त्याने जाते. काटेवाडीत मेंढ्यांचं रिंगण, बेलवाडीला गोल रिंगण आणि मग लासुर्णे. माणसं चालत येतात, पण दिंडीचा ट्रक आधीच पुढे गेलेला असतो. त्यात राहुट्या, भांडी, शिधा, वळकट्या. मागोमाग पाण्याचा टँकर. परदेशातल्या त्या 'आरव्ही', म्हणजे चाकांवरच्या घरांचं आपल्याला केवढं अप्रूप! आपल्याकडे चाकांवरचं अख्खं गाव दरवर्षी पंढरपूरला जातं, हे लक्षातच येत नाही.

त्या दिवशी रस्त्याकडेला उभी राहून आई बोलत होती आणि मी चक्क नोट्स घेत होते. राहुटी ठोकायची ती थोड्या उंच जागी, पाऊस आला तर पाणी आत शिरू नये म्हणून. ओढ्यात, नदीच्या पात्रात कधीच नाही. वर कुठे पाऊस झाला किंवा धरणातून पाणी सोडलं तर आपल्याला कोण सांगायला येणार? उसाच्या फडाला खेटून नाही, तिथे साप निघतात आणि हल्ली बिबट्याचीही धास्ती असते. आणि म्हाताऱ्या बायकांची राहुटी सगळ्यांत सोयीच्या जागी. "जिला रात्री जास्त उठावं लागतं, तिच्या हिशेबानं जागा बघायची," आई म्हणाली. बस्स! हाच तो फंडा. आपण जागा निवडतो ती ज्याला सगळ्यांत जास्त मजा येणार त्याच्या हिशेबाने. निवडायला हवी ती जिला सगळ्यांत जास्त त्रास होणार तिच्या हिशेबाने.

त्यामुळे या जानेवारीत पुन्हा बेत ठरला तेव्हा मी फोटो बघितले नाहीत, फोन केले. ठिकाण उजनीच्या बॅकवॉटरचं. भिगवण पुण्याहून शंभरेक किलोमीटर, सोलापूर हायवेवर. आईला लासुर्ण्याहूनही जवळ. आणि हिवाळ्यात तिथे फ्लेमिंगो येतात, म्हणजे पुतणीची सोय!

माझे प्रश्न साधे होते. टॉयलेट किती, तंबूपासून किती पावलांवर, आतून कडी लागते का, वाटेवर दिवा आहे का? स्पीकर किती वाजता बंद होतो? रात्री जागेवर कोण असतं? जवळचा दवाखाना कुठे? तंबू आणि पाणी यांत अंतर किती, मध्ये कुंपण आहे का? एकाने "मॅडम, लग्नाचा हॉल बघताय का?" असं विचारून फोन ठेवला. बरंच झालं, एक नाव कटाप.

फोटो कधीचा आहे हेही विचारा. उजनी पावसाळ्यानंतर भरलेलं असतं तेव्हा पाणी तंबूच्या दारात दिसतं. एप्रिल-मेमध्ये तेच पाणी पार आत सरकतं आणि काठाला उरतो चिखल. बोटीचा प्रश्न तर सोडूच नका. आमच्याच इंदापूर तालुक्यात, २१ मे २०२४ ला कुगावहून कळाशीला येणारी बोट वादळी वाऱ्यात उजनीत उलटली आणि सहा जण गेले. म्हणून लहान मुलांच्या मापाचं लाइफ जॅकेट आहे का, हे बुकिंगच्या आधी विचारायचं. आणि वारा सुटला तर पैसे गेले तरी चालतील, बोटीत पाय ठेवायचा नाही.

कॅराव्हॅन घेऊन जाणार असाल तर आणखी थोडी चौकशी करा. महाराष्ट्र सरकारने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, तेव्हापासून हौशी मंडळी याही वाटेला लागलीत. पण गाडीला सपाट आणि टणक जमीन लागते. काळ्या मातीत एक सर पडली की चाकं रुतलीच. विजेचा पॉइण्ट, टाकीत भरायला पाणी, वापरलेलं पाणी सोडायची सोय, यातलं काहीच नसेल तर ती नुसती महागडी पार्किंगची जागा. आणि हो, गाडी असो की तंबू, थंडी वाजते म्हणून पेटती शेगडी आत घ्यायची नाही. कोळशाच्या धुराला दिसेल असा रंग नसतो, पण बंद जागेत तो जीव घेतो.

शेवटी जी जागा मिळाली ती दिसायला साधीच. एका शेतकरी कुटुंबाची, सात-आठच तंबू, दिव्यांच्या माळा वगैरे काही नाही. टॉयलेट पक्कं, तीस पावलांवर. पुतणीने ती स्वतः मोजली, तिची बेचाळीस भरली. जेवायला पिठलं-भाकरी आणि मिरचीचा ठेचा. नऊ वाजता सगळं शांत. सकाळी उथळ पाण्यात फ्लेमिंगोंची लांबच लांब रांग बघून पुतणी दोन मिनिटं चक्क गप्प होती. हा आमच्या घरातला रेकॉर्ड आहे.

इन्स्टावर टाकण्यासारखा एकही फोटो आला नाही. टेण्टच्या मागे कुणाचं तरी ट्रॅक्टर, पुढे वाळत घातलेली गोधडी. मैत्रीण म्हणाली, "एवढं लांब जाऊन हे?"

तिला काय सांगू? रात्री दहा वाजता, सगळे झोपायच्या तयारीत असताना, आईने पांघरुणातून हात बाहेर काढला आणि म्हणाली, "अगं, तांब्याभर पाणी दे की प्यायला."