दूधबावीचे पाणी

मी डोंगरातला माणूस. आमच्या दरेकशाला एका अंगाला जंगल, दुसऱ्या अंगाला रेल्वेचा बोगदा. पावसाळ्यात हाजऱ्याचा धबधबा कोसळू लागला, की पाण्याचे याहून मोठे रूप नसेल, असे आम्हांला वाटते. अशा माणसाने पंधरा-वीस वर्षे चौथीच्या मुलांना सिंधुदुर्ग शिकवला, आणि तोही समुद्र न पाहता!

एकदा वर्गात मी रंगून सांगत होतो. मालवणसमोरच्या कुरटे बेटावर १६६४ साली महाराजांनी किल्ला बांधायला घेतला. आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव अशा तीन गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत. एक मुलगी उभी राहिली.

"गुरुजी, तुमी पेले काय ते पानी?"

मी नुसताच खडू पुसत राहिलो.

२०१९ च्या दिवाळीच्या सुट्टीत अखेर निघालो. त्या मुलीने औषधाची एक धुतलेली बाटली हातात ठेवली. "आनजा गुरुजी, त्या विहिरीचं."

गोंदियाहून कोल्हापूर, तिथून एस. टी. ने घाट उतरून मालवण. पण माझ्या आधीच अरबी समुद्रात 'क्यार' वादळ येऊन बसले होते! आभाळ काळेभोर, माड कमरेतून वाकलेले, आणि कोळी मंडळी होड्या वर ओढण्याच्या घाईत. समोर पाण्यात किल्ला; लाट उसळली की तट दिसेनासा व्हायचा, ओसरली की पुन्हा जागच्या जागी उभा! पायाच्या दगडांत शिसे ओतले होते म्हणतात. हे मी किती वेळा फळ्यावर लिहिले होते! ते का ओतावे लागले, हे त्या दिवशी समजले.

एका होडीवाल्या काकांना दुप्पट पैसे देऊ केले. ते हसले.

"गुरुजी, तुमका नुसता नेवक नको, परत पण हाडूक व्हया."

ओशाळून मी किनाऱ्याने मोरयाच्या धोंड्याकडे गेलो. याच खडकापाशी पूजा करून किल्ल्याच्या कामाला आरंभ झाला, अशी परंपरा आहे. तिथवर तुषार उडत होते, म्हणून दुरूनच हात जोडले. परतताना एका घराच्या परसात विहीर दिसली. मनात आले, बाटली इथेच बुडवावी. दरेकशात कोणाला कळणार आहे? हात खिशापर्यंत गेलाही. पण मग त्या मुलीचा तो प्रश्न आठवला. मी मागे फिरलो आणि सरत्या लाटेत बाटली भरून घेतली.

सुट्टीनंतर वर्गात खरे ते सांगितले. किल्ल्यात जाता आले नाही; हे पाणी समुद्राचे. मुलीने बोट बुडवून जिभेला लावले आणि तोंड असे वाकडे केले, की सारा वर्ग हसला. ती मात्र बाटलीकडे बघतच राहिली.

"गुरुजी, मंग तिथं गोडं पानी लागलं, तवा महाराज केवढे खुश झाले असतीन!"

इतकी वर्षे मी तो धडा शिकवला. त्यातला हा आनंद काही माझ्या ध्यानात आला नव्हता. दूधबावीचे पाणी मात्र मी तिला अजून देणे लागतो.