तंजावरचा राजवाडा आणि त्यातली संग्रहालये

तंजावरचा राजवाडा एका राजाने एका दमात बांधलेला नाही. सोळाव्या शतकात नायक राजांनी त्याला हात घातला आणि सतराव्या शतकाच्या अखेरीपासून भोसल्यांनी त्यात दरबार, माड्या आणि चौक वाढवले. पुढच्या काळात पडझड आणि डागडुजी दोन्ही होत राहिली. आज त्याच आवारात तंजावरचे कलादालन, सरस्वती महाल ग्रंथालय व त्याचे छोटे संग्रहालय, मराठा दरबाराचे दालन आणि सरफोजी राजांच्या नावाचे स्मारक-दालन आहे. यांचे कारभार वेगवेगळे आहेत आणि एकाच तिकिटात सगळे पाहून होत नाही. दारावर याची नीट उकल होत नसल्याने पुष्कळ मंडळी एक दालन पाहून, राजवाडा पाहिला अशा समजुतीने परततात.

तिरुचिरापल्लीहून तंजावर रेल्वेने साधारण तासाभरावर आहे. वाटेत कावेरीच्या खोऱ्याची सपाट जमीन, भाताची खाचरे आणि केळीच्या बागा लागतात. या जमिनीसाठीच चोळांपासून कंपनी सरकारपर्यंत सगळे तंजावरसाठी भांडले. स्थानकाबाहेर पडून कावेरीवरच्या ग्रँड अनिकट धरणाचा कालवा ओलांडला की एका बाजूला राजराज चोळाच्या बृहदीश्वर मंदिराचे शिखर दिसते. राजवाडा तिथून पुढे जुन्या शहरात, दुकानांच्या गर्दीत आहे. किल्ल्याच्या तटाचे थोडेच अवशेष उरले आहेत, त्यामुळे आपण किल्ल्यात शिरलो हे नवख्या माणसाच्या लक्षातही येत नाही.

तंजावरचे शेवटचे मोठे नायक राजे विजयराघव १६७३ मध्ये मदुरेच्या चोक्कनाथ नायकाच्या फौजेशी लढताना पडले. त्यांच्या वारसासाठी विजापूरच्या दरबाराकडे मदत मागण्यात आली आणि विजापूरने पाठवले ते शहाजीराजांचे पुत्र व्यंकोजी ऊर्फ एकोजी यांना. वारसाला गादी मिळवून देण्यासाठी आलेले व्यंकोजी थोड्याच काळात स्वतःच गादीवर बसले. १६७७ च्या दक्षिण स्वारीत शिवाजी महाराजांनी या सावत्र भावाला कोळिडम नदीच्या काठी भेटीस बोलावून वडिलांच्या मिळकतीतला वाटा मागितला. बोलणी फिसकटली आणि व्यंकोजी रातोरात निघून गेले. भाऊबंदकीचा हा प्रसंग मराठी वाचकाच्या परिचयाचा आहे. त्यानंतर तंजावरच्या शाखेने पावणेदोनशे वर्षे स्वतंत्र वाट चालवली, ती मात्र आपल्याकडे फारशी वाचली जात नाही.

कलादालन नायकांच्या दरबारात आहे. ते १९५१ मध्ये सुरू झाले. जिल्ह्यातल्या पडक्या देवळांत, शेतांत आणि रस्त्याकडेला पडलेल्या मूर्ती एकत्र आणाव्यात, त्या परगावी जाऊ नयेत, हा त्यामागचा हेतू होता. त्यामुळे इथे दूरदूरहून विकत आणलेला संग्रह नाही. बहुतेक मूर्ती कावेरीच्या याच पट्ट्यातल्या आहेत, आणि ज्या देवळांतून त्या आल्या त्यांतली अनेक अजूनही काही तासांच्या अंतरावर उभी आहेत.

या दालनात घाई करू नये. तिरुवेंकाडूहून आलेल्या वृषभवाहन शिवासमोर मी बराच वेळ उभा होतो. शिव पाय दुमडून सैल उभा आहे, एक हात कोपरात वाकवून शेजारी टेकवलेला आहे, आणि ज्यावर टेकवला तो नंदी तिथे नाही. नंदी हरवला आहे. तरी मूर्तीचा तोल ढळत नाही. वाकलेल्या कोपराकडे आणि मोकळ्या पंज्याकडे पाहिले की नंदीची उंची आपोआप कळते. डोक्यावर जटांचे वेढे फेट्यासारखे गुंडाळले आहेत आणि त्यांत नाग गुंतले आहेत. चेहऱ्यावर हसू नाही, पण ओठांच्या कोपऱ्यांत किंचित सैलपणा आहे. तिरुवेंकाडूच्या मंदिरातल्या शिलालेखांवरून ही मूर्ती १०११ ची आणि तिच्या शेजारची देवी १०१२ ची ठरते. म्हणजे बृहदीश्वराचे काम नुकतेच पूर्ण झाले होते आणि राजराज चोळ हयात होता.

या धातूच्या मूर्ती मेणाच्या नमुन्यावरून ओतल्या जात. आधी मेण आणि राळ यांच्या मिश्रणातून मूर्ती घडवायची, तिच्यावर नदीच्या गाळाच्या मातीचे थर चढवायचे आणि साचा तापवून मेण बाहेर काढायचे. मोकळ्या झालेल्या पोकळीत वितळलेला धातू ओतायचा. मूर्ती बाहेर काढताना साचा फोडावाच लागतो, म्हणून एका साच्यातून दुसरी मूर्ती निघत नाही. कुंभकोणमजवळच्या स्वामीमलैत स्थपतींची घराणी आजही याच रीतीने मूर्ती ओततात. तंजावरला आलेल्याने हे काम जमल्यास पाहावे.

पीठाच्या कडेला दिसणारी भोके काठ्या घालून मूर्ती उचलण्यासाठी आहेत. गाभाऱ्यातला दगडी देव हलत नाही. या उत्सवमूर्ती मात्र मिरवणुकीत बाहेर निघत, तेव्हा त्यांच्यावर रेशीम, दागिने आणि हार इतके असत की भाविकाला चेहऱ्यापलीकडे फारसे दिसत नसे. संग्रहालयात त्या उघड्या उभ्या आहेत. मूर्तिकाराने पाठीच्या वळणावर आणि गुडघ्यावर केलेले काम आपण पाहतो, ते त्या काळच्या भाविकाला अभिषेकाच्या वेळीच दिसत असणार. कलेच्या अभ्यासकाला हा फायदाच आहे. देवळाच्या बाजूने पाहिले तर मात्र मूर्तीचे निम्मे आयुष्य काढून घेतल्यासारखे आहे, आणि तमिळनाडूत या प्रश्नावरून वादही होतात.

दगडी शिल्पांत दारासुरमहून आलेला गजसंहार शिव सगळ्यांत बलवान आहे. हत्तीरूपी असुराला मारून त्याचे कातडे शिवाने पाठीमागे पसरले आहे आणि त्या घेऱ्यात तो अंग पिळवटून नाचतो आहे. बाजूला पार्वती बाळाला घेऊन भीतीने मागे वळली आहे. दारासुरमचे देऊळ बाराव्या शतकातले. तिथे गेल्यावर कोणत्या भिंतीवरून हे शिल्प हलले असेल, याचा विचार मनात आल्यावाचून राहत नाही.

नायकांच्या याच दरबारात दगडी चौथऱ्यावर पांढऱ्या संगमरवराचा एक पुरुष हात जोडून उभा आहे. डोक्यावर टोकदार पगडी आहे. ते दुसरे सरफोजी. पुतळा इंग्रज शिल्पकार जॉन फ्लॅक्समन याचा आहे. चोळांच्या धातूमूर्तींच्या शेजारी हा थंड, गुळगुळीत पुतळा थोडा उपरा वाटतो, पण राजवाड्यातल्या बाकीच्या अर्ध्या गोष्टी समजण्यासाठी हा माणूस आधी समजून घ्यावा लागतो.

सरफोजी १७७७ मध्ये जन्मले. तुळजाजी राजांनी १७८७ मध्ये मृत्यूपूर्वी त्यांना दत्तक घेतले, पण गादीवर बसले ते तुळजाजींचे भाऊ अमरसिंह. लहानग्या सरफोजींची बाजू घेतली ती जर्मन मिशनरी क्रिश्चन फ्रीडरिख श्वार्ट्‌झ यांनी. सरफोजी मद्रासला शिकले, इंग्रजी बोलू-लिहू लागले आणि १७९८ मध्ये कंपनीच्या पाठिंब्याने गादीवर आले. श्वार्ट्‌झ त्याच वर्षी वारले. तंजावरच्या चर्चमधला त्यांचा स्मारकशिल्पपटही फ्लॅक्समनचाच आहे, आणि त्यात मरणशय्येशेजारी सरफोजी उभे आहेत. कंपनीने या पाठिंब्याची किंमत पुढच्याच वर्षी वसूल केली. १७९९ च्या तहाने सगळा मुलूख कंपनीकडे गेला. राजाला किल्ला, वर्षाला एक लाख स्टार पॅगोडा आणि निव्वळ महसुलाचा पाचवा हिस्सा उरला.

राज्यकारभार हातात न उरलेल्या या राजाने तेहतीस-चौतीस वर्षे पुस्तके, चित्रे, यंत्रे आणि माणसे गोळा केली. काही जण त्याला विरंगुळा म्हणतील. ग्रंथालय पाहिल्यावर तसे म्हणवत नाही. नायकांच्या वेळेपासून चालत आलेला पोथ्यांचा साठा सरफोजींनी कितीतरी पटींनी वाढवला. १८२० ते १८२२ मधल्या काशीयात्रेतही पोथ्या मिळवण्याचे काम चालू होते. संस्कृत पोथ्यांचा साठा सर्वांत मोठा आहे. तमिळ आणि तेलुगू पोथ्याही पुष्कळ आहेत, आणि मराठी पोथ्यांची संख्या तीन हजारांच्या वर जाते. युरोपातून मागवलेली इंग्रजी, फ्रेंच, जर्मन पुस्तके वेगळीच.

संग्रहालयाचा भाग लहान आहे आणि आत फोटो काढू देत नाहीत. ते एका परीने बरेच आहे, माणसे काचेकडे तरी पाहतात. ताडपत्रे, सचित्र पोथ्या, जुने नकाशे आणि काशीच्या घाटांची चित्रे मांडली आहेत. फ्रेंच चित्रकार शार्ल ल ब्रँ यांनी माणसांचे आणि प्राण्यांचे चेहरे शेजारी-शेजारी काढून स्वभाव ताडण्याचा जो खटाटोप केला, त्याचे छाप इथे आहेत. चीनमधल्या शिक्षांची चित्रेही आहेत, ती लहान मुलांना न दाखवलेलीच बरी. हत्तींवरचे ‘गजशास्त्र’ चित्रांसह मराठीत आहे. मुदपाकखान्यातल्या पदार्थांची कृती सांगणारे ‘शरभेंद्र पाकशास्त्र’ही मराठीत आहे आणि ग्रंथालयाने ते छापले आहे.

सरफोजींच्या धन्वंतरी महालात देशी आणि युरोपीय दोन्ही पद्धतींनी औषधोपचार होत. तिथल्या नेत्ररुग्णांच्या नोंदी, रोगट डोळ्यांच्या रंगीत चित्रांसह, अजून शिल्लक आहेत. राजवाड्यातल्या छापखान्यात देवनागरी खिळे होते, आणि १८०६ च्या सुमारास तिथे इसापच्या गोष्टींचा मराठी अनुवाद ‘बालबोध मुक्तावली’ या नावाने छापला गेला. त्या वेळी पुण्यात पेशवाई होती आणि छापील मराठी पुस्तक ही पुणेकराच्या ओळखीची वस्तू नव्हती.

ग्रंथांचा हा नाद एकट्या सरफोजींचा नव्हता. व्यंकोजींचे पुत्र शहाजी (राज्यकाळ १६८४ ते १७१२) स्वतः तेलुगू, संस्कृत आणि मराठीत लिहीत. त्यांची ‘लक्ष्मीनारायणकल्याण’सारखी मराठी नाटके विष्णुदास भाव्यांच्या १८४३ च्या सांगलीतल्या खेळाहून सव्वाशे वर्षांहून अधिक जुनी आहेत. मराठी रंगभूमीचा इतिहास सांगताना सुरुवात सांगलीपासून करण्याची सवय अजून मोडलेली नाही. तंजावरची नाटके इकडच्या मराठी रंगभूमीपर्यंत पोचली नाहीत, हे तिचे कारण आहे. ती नव्हतीच असे मानायला मात्र ते पुरत नाही.

मराठा दरबाराचे दालन रंगीत आहे. जाड खांब, कमानी, कोपऱ्याकोपऱ्यात चुन्याचे काम, भिंतींवर राजांची चित्रे. पुष्कळ ठिकाणी रंग उडाला आहे आणि ज्या ठिकाणी नवा दिला आहे तिथे तो अंमळ भडक झाला आहे. जवळच्या मनोऱ्यांत गूडगोपुरम हा आठ मजली मनोरा शस्त्रागार म्हणून वापरात होता. या आवारात तरंगंबाडीच्या किनाऱ्यावर लागलेल्या देवमाशाचा सांगाडाही ठेवलेला आहे. त्याचा राजवाड्याशी काडीचाही संबंध नाही, आणि शाळेच्या सहलींतली मुले सर्वांत जास्त वेळ तिथेच असतात.

१८५५ मध्ये सरफोजींचे पुत्र शिवाजी पुत्रसंतानाविना वारले आणि कंपनीने राज्य खालसा केले. राजवाड्याला मोहरा लागल्या, खासगी मालमत्ताही जप्त झाली. राणी कामाक्षीबाईंनी मद्रासच्या सुप्रीम कोर्टात दावा लावला आणि तो जिंकलाही. १८५९ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने निकाल फिरवला. जप्ती हे राज्यसत्तेचे कृत्य आहे, त्यात न्यायालयाला हात घालता येत नाही, असे कौन्सिलचे म्हणणे पडले. कायद्याचे विद्यार्थी हा खटला अजूनही अभ्यासतात. पुढे सरकारने मेहेरबानी म्हणून खासगी मालमत्ता राण्यांकडे परत दिली. या धामधुमीत पोथ्या वाचल्या, हे नशीबच. ए. सी. बर्नेल या इंग्रज अधिकाऱ्याने १८८० च्या सुमारास संस्कृत पोथ्यांची सूची छापली, आणि १९१८ मध्ये ग्रंथालय सार्वजनिक झाले.

राजवाड्यातून निघाल्यावर बृहदीश्वराकडे जावे लागते, कारण या संग्रहालयाचा एक भाग तिथल्या भिंतीवर आहे. प्राकाराच्या भिंतीवर सरफोजींनी १८०३ मध्ये भोसले वंशाचे चरित्र देवनागरी अक्षरांत मराठीतून कोरून घेतले. मजकूर बाबूराव चिटणिसांचा आहे. मराठीतल्या सर्वांत लांब शिलालेखांत त्याची गणना होते. दर्शनाला आलेले मराठी पर्यटक त्याच्याजवळून जातात, चोळांच्या तमिळ लेखांसारखाच हाही समजून पुढे सरकतात. थांबून बोट धरून वाचले तर अर्थ लागतो.

तंजावर, कुंभकोणम आणि चेन्नईत आजही मराठी बोलणारी घरे आहेत. त्यांच्या मराठीत तमिळचे सूर मिसळले आहेत. बडोद्याचे दिवाण सर टी. माधवराव हे याच मंडळींपैकी. ग्रंथालयात मोडी कागदांचे तेराशेहून अधिक रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले गठ्ठे, आहेत. दरबारचे हिशेब, पगाराच्या याद्या, देवस्थानांचा खर्च, नाटकमंडळींना दिलेली बिदागी असे सगळे त्यांत आहे. तंजावरच्या तमिळ विद्यापीठाने त्यांतल्या काही कागदांचा तमिळ अनुवाद प्रसिद्ध केला, म्हणजे तमिळ वाचकाला त्यांतले थोडे तरी वाचता येते. महाराष्ट्रात मोडी शिकवणारे वर्ग ठिकठिकाणी चालतात. तिथे शिकलेल्यांनी पुण्या-मुंबईच्या दप्तरखान्यांबरोबर तंजावरचीही वाट धरावी. रुमाल बांधलेले आहेत, ते सोडून वाचणारी माणसे हवी आहेत.