सासूबाईंचा कौल

आम्ही लखनौत रायबरेली रोडवरच्या वृंदावन योजनेत राहतो. पीएच.डी.साठी चीन सरकारच्या शिष्यवृत्तीचा अर्ज भरणार, असे लेकीने जाहीर केले आणि घरात एकच गहजब उडाला. "इतक्या लांब, तेही चीनला?" हे कडाडले. मीही त्यांचीच री ओढली.

एका दलालाने भरपूर पैसे घेऊन काम करून देतो म्हटले. लेकीने त्याला वाटेला लावले. पदव्यांच्या साक्षांकित प्रती, दोन प्राध्यापकांची शिफारसपत्रे, वैद्यकीय तपासणीचा फॉर्म, संशोधनाचा आराखडा, सारे तिने स्वतःच जमवले. फी आणि वसतिगृह माफ, वर दरमहा ३,५०० युआन, हेही समजावले. तरी हे ढिम्म!

शेवटी सोलापूरचे माहेर असलेल्या सासूबाई बोलल्या, "आमच्या गावचे डॉ. कोटणीस १९३८ मध्ये भर युद्धात चीनला गेले. भाषाही तिथेच शिकले आणि जखमी सैनिकांची सेवा केली."

"पण ते परत कुठे आले? १९४२ मध्ये तिथेच वारले," मी पटकन बोलून गेले.

सासूबाई क्षणभर गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "म्हणून का भिऊन पोरीला घरी बसवायचे? ही तर शिकायला चाललीय."

ह्यांनी मुकाट्याने अर्जाला संमती दिली.

पहिल्या खेपेला निवड झाली नाही. लेक हिरमुसली. पण पुढच्या जानेवारीत सगळे कागद पिशवीत घालून स्कॅन करायला निघाले, ते हेच!