डोळा लागल्यावर

दहा-बारा दिवसांचं बाळ झोपेत मधूनच गालात हसतं, तेव्हा आजी म्हणते, "सटवाई हसवतेय त्याला." डॉक्टरांचं म्हणणं वेगळं. नवजात बाळाची जवळपास निम्मी झोप पापण्यांखाली डोळे फिरत असतानाची असते आणि त्या झोपेत ओठ आपसूक हलतात. खुलासा कोणताही घ्या, हसण्यात बाळाचा स्वतःचा हात नाहीच.

पुढे माणूस कितीही शहाणा झाला तरी झोपेत त्याचं काही चालत नाही. 1953 मध्ये शिकागो विद्यापीठातल्या युजीन अ‍ॅसेरिन्स्की आणि नॅथॅनिएल क्लाइटमन यांनी ही डोळे फिरणारी झोप जगापुढे मांडली. तिच्यात श्वासाचे आणि डोळ्यांचे स्नायू तेवढे चालू राहतात, बाकीचं अंग मेंदू जवळजवळ लुळं करून टाकतो. स्वप्नात वाघ मागे लागला तरी पाय गादीवरच. डॉल्फिनला एवढी चैन परवडत नाही. तो मेंदूची एक बाजू जागी ठेवून झोपतो. माणूसही परक्या घरी पहिल्या रात्री थोडाफार तसाच वागतो, असं ब्राउन विद्यापीठातल्या संशोधकांना 2016 मध्ये आढळलं: डावा मेंदू उजव्याइतका गाढ झोपत नाही.

पोरांना मात्र परकं घर नसतंच. लग्नघरी सतरंजीवर ओळीनं आडवी झालेली ती टोळी, एकाचा पाय दुसऱ्याच्या पोटावर. उचलून दुसऱ्या खोलीत नेलं तरी पत्ता लागत नाही. झोपलेल्याला ओलांडू नये, उंची खुंटते, असा दम मोठी माणसं देतात. उंचीचं सोडा, रात्री पाणी प्यायला उठलेल्यानं पोराच्या हातावर पाय देऊ नये, एवढी सोय त्यात नक्की आहे.

एकट्यानं प्रवास सुरू झाला की झोप सावध होते. बॅग बर्थखालच्या कडीला साखळीनं बांधलेली, पाकीट आतल्या खिशात, चपला उशाशी. एसटी स्टँडवर पथारी टाकलेला बाबा तर पिशवीचा बंद मनगटाला दोन वेढे देऊनच डोळे मिटतो. पण पहाटेच्या कर्जत किंवा कसारा लोकलमध्ये बघावं. शेजाऱ्याची मान हळूहळू खांद्यावर कलंडते, आणि एरवी साध्या धक्क्यावरून हमरीतुमरीवर येणारा माणूस ठाण्यापर्यंत खांदा हलवत नाही.

सगळेच असे नसतात. महाभारतात अठरा दिवस नियम मोडले गेले, दोन्हीकडून मोडले गेले. तरी झोपलेल्या छावणीवर अश्वत्थामा चालून निघाला तेव्हा त्याच्याच मामाला, कृपाचार्यांना, ते पटेना. आधी झोप घे, सकाळी बघू, असं त्यांनी परोपरीनं सांगितलं. भाच्यानं ऐकलं नाही, आणि शेवटी मामाही छावणीच्या दाराशी उभा राहिला, पळणाऱ्यांना मारायला. धृष्टद्युम्नानं निदान शस्त्रानं मार म्हणून विनवलं, तेही त्याला मिळालं नाही. त्या रात्रीच्या संहारासाठी व्यासांना सौप्तिक हे वेगळं पर्व लागलं.

कधी वैरी लागतही नाही. 30 सप्टेंबर 1993 ला पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी किल्लारी हादरली, तेव्हा गणपती बोळवून दमलेली गावं गाढ झोपेत होती. मातीत रचलेल्या जाडजूड दगडी भिंती, वर मातीचं जड माळवद. ऊन आणि चोर या दोघांनाही बाहेर ठेवणारं ते घरच अंगावर आलं. हजारो माणसं गेली. वाचलेले कितीतरी दिवस उघड्यावर झोपत होते.

आणि ज्यांना माळवदही नव्हतं? 8 मे 2020 ला करमाडजवळ रुळांवर 16 मजूर मालगाडीखाली गेले. टाळेबंदीत जालन्याहून भुसावळच्या दिशेनं पायी निघालेली ती माणसं, गाड्या बंद आहेत असं समजून रुळांवर टेकली होती. दुसऱ्या दिवशी छापून आलेल्या फोटोंमध्ये रुळांवर पडलेल्या चपात्या होत्या. तेव्हा विचारलं जात होतं, रुळांवर झोपतं का कोणी? इतकं चाललेला माणूस कुठेही झोपतो. खरं विचारायला हवं होतं ते हे, की त्यांना टेकायला दुसरी जागा कोणी ठेवली होती.

कायद्यानं झोपेची दखल उशिरा घेतली, पण घेतली. दिल्लीच्या रामलीला मैदानावर 2011 च्या जून महिन्यात मध्यरात्री झोपलेल्या जमावावर पोलीस घुसले. त्या प्रकरणात 2012 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं झोपेला जगण्याच्या मूलभूत हक्कात जागा दिली. एका ज्येष्ठ नागरिकाची ईडीनं रात्रभर चौकशी केली, त्यावर 2024 मध्ये मुंबई उच्च न्यायालयानंही नाराजी नोंदवली.

म्हातारपणी ही झोप दिवसाच्या सांदीकोपऱ्यांत शिरते. आजोबा वर्तमानपत्र छातीवर घेऊन खुर्चीत घोरतात, तोंड उघडं, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. हा चेहरा घरात सगळ्यांच्या ओळखीचा, एकट्या त्यांच्या नाही. नातीनं हळूच टीव्ही बंद केला की मात्र लगेच आवाज येतो, "चालू दे, ऐकतोय मी. नुसते डोळे मिटले होते."