डोक्याकडची बाजू

आमच्या घरात एकाच वस्तूला दोन नावं आहेत. आई कराडकडची, ती वाकळ म्हणते. मी पुण्यात वाढलो, मी गोधडी म्हणतो. शिवली होती आजीने, म्हणजे पप्पांच्या आईने. आजीचा एक नियम होता: पायाकडची बाजू तोंडावर घ्यायची नाही. ओळखायला तिने डोक्याच्या बाजूला लाल दोऱ्याचे चार टाके घातले होते. ते कधीच विटून गेले, पण पप्पांना ती बाजू बरोबर कळायची.

यंदा दिवाळीआधी गोधडी धुतली, तर चारही कडा उसवलेल्या. मधले धावदोरे मात्र जागेवर. गोधडी आधी कडेलाच जाते. पांघरताना, झटकताना, वाळत घालताना आपण तिला कडेलाच धरून ओढतो. आई म्हणाली, "कडा कापून नवा गोट लावू." शनिवार होता, लॅपटॉप बंद होता. मी म्हटलं, मीच करतो.

हॉलमधला टीपॉय हलवून गोधडी फरशीवर पसरली आणि टेप लावला. एका टोकाला रुंदी ४ फूट ८ इंच, दुसऱ्या टोकाला ४ फूट ११. मी ठरवलं, ६ बाय साडेचारचा नीट आयत काढायचा. म्हणजे कर्ण बरोबर साडेसात फूट यायला हवा. गवंडी काटकोन काढायला ३-४-५चा दोरा धरतात, तेच गणित, फक्त दीडपट. नुसत्या समोरासमोरच्या बाजू सारख्या भरून भागत नाही, कारण गोधडी तिरकी झाली तरी त्या सारख्याच भरतात. दोन्ही कर्ण जुळले तरच कोपरे खरे. हे मी आईला समजावून सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि खडूने रेघ मारायला बसली.

मी कात्री उचलली तशी तिने हात धरला. "आधी रेघेच्या आतून एक धावदोरा घाल. तसंच कापलंस तर आजीचे टाके तुटतील नि थर सुटतील." हे माझ्या गणितात नव्हतं. तो धावदोरा घालण्यात दुपार गेली.

मग कापलं. कापलेल्या कडेला थर दिसले. वर आजीचं हिरवं लुगडं, खाली आजोबांचं धोतर, मधे एक खाकी पट्टा. आई म्हणाली, "ही पप्पांची शाळेतली चड्डी." तिला हे आजीने सांगितलेलं. मला आजपर्यंत कोणी सांगितलं नव्हतं.

तीन बाजू झाल्या. चौथीकडे वळलो तर आई म्हणाली, "ती नको कापू."

ती डोक्याकडची बाजू. सगळ्यात वाईट अवस्था तिचीच होती. पप्पांना शेवटच्या चार महिन्यांत सतत थंडी वाजायची. ते गोधडी हनुवटीपर्यंत ओढून घ्यायचे आणि कड दोन बोटांत धरून चोळत राहायचे. झोप लागली तरी बोटं सुटायची नाहीत. तिथलं कापड विरून जाळी झाली होती.

मी म्हटलं, "आई, मग सरळ येणार नाही."

"नाही आली तर नाही."

मी कात्री खाली ठेवली.

गोटासाठी आजीच्या नऊवारीचा काठ काढला. गोधडीचा घेर २१ फूट, लुगडं ९ वार म्हणजे २७ फूट. एक काठ पुरून उरला. काठाची एक कड मुळात विणलेलीच असते, ती आत मुडपावी लागत नाही, त्यामुळे गोट जाड होत नाही. नवं कापड आणलं असतं तर आधी भिजवावं लागलं असतं, नाहीतर पहिल्याच धुण्यात ते आटून गोधडीला चुण्या पडल्या असत्या. आजीचं लुगडं जे आटायचं ते कधीच आटून झालं होतं.

मशीनने पहिल्याच कोपऱ्यावर सुई मोडली. पुढचं सगळं हातावर. कोपऱ्यात पट्टीला तिरकी घडी कशी घालायची ते आईने दोनदा दाखवलं, तिसऱ्यांदा मला जमलं. तीन बाजूंना ४ इंचांची पट्टी लावली. चौथ्या बाजूसाठी आईने दुसऱ्या काठातून ६ इंचांची कापली. विरलेल्या जागी आतून ठिगळ दिलं, सुटलेले दोरे बोटाने आत सारले आणि ती सगळी जाळी रुंद गोटात मिटून टाकली. ती बाजू तिने एकटीने शिवली. मी दोरा ओवून देत राहिलो.

रविवारी रात्री मी टेप काढला. दोन कर्णांत दीड इंचाचा फरक. आईला सांगितलं.

"पांघरल्यावर कोण मोजतंय," ती म्हणाली आणि दिवा बंद केला.

अंधारात मी कडेवरून हात फिरवला. तीन बाजूंचा गोट अरुंद, एकीचा रुंद. आता लाल दोऱ्याची गरज नाही. डोक्याकडची बाजू हाताला कळते.