उंची वाढते तेव्हा

सहावी-सातवीच्या सुमाराला एखादी मुलगी वर्गाला दांड्या मारू लागते. कधी पोट दुखतं, कधी शिकवणीची परीक्षा, कधी गावाहून मावशी आलेली असते. मग एक दिवस आई येऊन सांगते, "ताई, हिचं मनच लागत नाही हो आता. पूर्वीसारखी जिद्द राहिली नाही." मी दोरीचा मल्लखांब शिकवते. हे वाक्य ऐकलं की त्या मुलीला भिंतीला पाठ लावून उभं करते आणि उंची मोजते. बहुतेक वेळा जिद्दीचं काय झालं ते तिथेच कळतं.

दोरीवर फसवाफसवी चालत नाही. वरून टांगलेली साडेपाच मीटर लांबीची सुती दोरी, तिला कुठेही गाठ मारायची नाही. पायाचा अंगठा आणि शेजारचं बोट यांच्या चिमटीत ती धरायची आणि सगळं अंग त्या चिमटीवर तोलून वर सरकायचं. मग कमरेला, मांडीला, दंडाला वेढे घेत पद्मासन, निद्रासन असं एकेक साधायचं. पूर्वी दोरीच्या जागी वेत असे, तो चांगला मिळेनासा झाला तशी दोरी आली. सुरुवातीला अंगठ्याच्या बेचक्यातली कातडी सोलते, मांडीवर काच उमटतो. पण दुखतं म्हणून सोडून गेलेल्या मुली मी फारशा पाहिल्या नाहीत. उलट ते वळ शाळेत मैत्रिणींना दाखवण्यात त्यांना केवढी फुशारकी वाटते!

मुली जातात त्या नंतर, सगळं येऊ लागल्यावर. याचं कारण साध्या गणितात आहे. स्नायूचा जोर त्याच्या आडव्या छेदाच्या क्षेत्रफळावर ठरतो, वजन मात्र अख्ख्या आकारमानावर. अंगाची ठेवण तीच राहून उंची दहा टक्क्यांनी वाढली, तर जोर वाढतो साधारण एकवीस टक्के आणि वजन तेहतीस. त्यात हात-पाय लांबलेले, म्हणजे आडव्या स्थितीत अंग तोलायला आणखी ताकद हवी. बहुतेकींना याच काळात पाळी सुरू होते, घट्ट कपड्यांत चारचौघांसमोर उलटं लटकायचा संकोच वाटू लागतो. दहाव्या वर्षी हसत घेतलेलं निद्रासन बाराव्या वर्षी निसटतं. सराव तोच, मेहनत तीच, आणि अंग मात्र ऐकत नाही. मुलीला वाटतं, आपण बिघडलो. हे कुणाला सांगताही येत नाही, मग पोट दुखतं.

टोकियो ऑलिंपिकमध्ये 2021 साली अमेरिकेची जिम्नॅस्ट सिमोन बाइल्स हिला हवेत असताना आपलं अंग कुठे वळतंय याचा अंदाज येईनासा झाला आणि ती सांघिक अंतिम फेरीतून बाजूला झाली. तेव्हा तिच्या हिमतीवर किती जणांनी तोंडसुख घेतलं. तिचं कारण वेगळं होतं, वाढीचं नव्हे. पण अंग आणि अंदाज यांची फारकत झाली की बाहेरच्यांना ती कच खाल्ल्यासारखी दिसते, हे तेव्हा जगाने पाहिलं. 2024 मध्ये पॅरिसला तिने तीन सुवर्णपदकं घेतली. मधल्या काळात तिची जिद्द कुठे गेली होती, हे त्या टीकाकारांनी सांगावं.

म्हणून भिंतीवर सुविचार चिकटवणं आणि स्पर्धेआधी भाषणं देणं मला फारसं पटत नाही. बक्षिसांचंही तसंच. दहावीला खेळाडूंना मिळणाऱ्या वाढीव गुणांसाठी मुलं येतात आणि गुणपत्रिका हातात पडली की जातात. त्यात त्यांचं काही चुकत नाही, ज्यासाठी आले ते मिळालं. आमचा खेळ ऑलिंपिकमध्ये नाही. 2019 साली शिवाजी पार्कवर जागतिक स्पर्धा झाली तेव्हा ऊर भरून आला खरा, पण त्या आनंदावर नंतरच्या पावसाळ्यातला सराव निभत नाही. मुळात दुसऱ्या बाजीरावाच्या काळी बाळंभटदादा देवधरांनी मल्लखांब रुजवला तो कुस्तीच्या पूरक मेहनतीसाठी. खांबावर पदक लावलेलं नव्हतंच. मेहनत करून अंग कसं तयार होतं, हे पाहण्यातच त्याचं आकर्षण असणार.

तर उंची मोजून झाली की मी आईसमोरच मुलीला ते गणित समजावते. मग तिचा दीड मिनिटाचा स्पर्धेचा संच बाजूला ठेवते. दोन-तीन महिने फक्त चढ-उतार, तेही सावकाश. उतरताना हात कुठे सैल पडतो ते पाहायचं. एका दिवशी एकच गोष्ट दुरुस्त करायची, त्या दिवशी गुडघा सरळ राहिला तर बाकी काही विचारायचं नाही. पोटाचे, खांद्याचे व्यायाम वाढवायचे. आणि लहान मुलींना चढायला शिकवायचं काम द्यायचं. हा उपाय सगळ्यांत गुणकारी, कारण दुसऱ्याचा पाय दोरीवर लावून देताना आपल्याला काय काय येतं हे तिचं तिला दिसतं.

उझबेकिस्तानची जिम्नॅस्ट ओक्साना चुसोवितिना 1992 च्या बार्सिलोनापासून टोकियोपर्यंत आठ ऑलिंपिक खेळली, शेवटचं सेहेचाळिसाव्या वर्षी. मुली तिचे व्हिडिओ डोळे विस्फारून बघतात. मला कौतुक वाटतं ते एवढ्या वर्षांत बदलत गेलेल्या शरीरावर तीच उडी तिने किती वेळा नव्याने बसवली असेल, याचं.

सगळ्या परत येतात असं नाही. काही कबड्डीकडे वळतात, काही नाचाकडे, एखादी सरळ पुस्तकात डोकं घालते, आणि मला त्यात वावगं वाटत नाही. फक्त जाताना "मला जमलं नाही" असं म्हणून जाऊ नये, एवढा माझा हट्ट. परवाच एका आईने विचारलं, "मग पहिल्यासारखं कधी येईल तिला?" म्हटलं, पहिल्यासारखं नाही येणार. तेव्हा ती सव्वाचार फुटांची होती. आता पाच फुटांच्या मुलीचं निद्रासन बसवायचंय, आणि ते ती पहिल्यांदाच शिकते आहे.