गारगोटीची खूण

अब्बांच्या इंतकालानंतर त्यांची लोखंडी ट्रंक आवरताना आम्हा दोघी बहिणींना त्यांचे एचएमटी ‘जनता’ घड्याळ सापडले. बंद पडलेले. घड्याळे उघडून साफ करण्याचा छंद आम्हाला चार वर्षांपासून आहे. जुन्या बाजारातली पाच-सहा घड्याळे चालूही केलेली. मग अब्बांचे घड्याळ दुसऱ्याच्या हाती कशाला द्यायचे? घरात शिलाई मशीनचे तेल होते. आत थेंबभर सोडले आणि काटा फिरू लागला. अम्मीच्या डोळ्यांत पाणी आले.

आनंद दोन दिवस टिकला. तिसऱ्या दिवशी मशिदीत मगरिबची अजान व्हायची होती आणि अब्बांच्या घड्याळात मगरिबची वेळ होऊनही गेली होती! रमजान तोंडावर आलेला. याच घड्याळाकडे पाहून अब्बा आम्हाला खजूर हातात घ्यायला सांगत. आम्ही बिघडवलेल्या घड्याळावर विसंबून कुणी रोजा सोडला असता तर?

झाकण पुन्हा उघडले, डोळ्याला भिंग लावले. झाकणाच्या आतल्या बाजूला सुईने कोरल्यासारख्या तीन तारखा होत्या. जुने कारागीर घड्याळ साफ केले की अशी खूण ठेवतात. शेवटची तारीख १०-२-९१. त्याच तारखेची पावती ट्रंकेत मिळाली, पत्ता गारगोटीचा. अब्बा गारगोटीत राहिले ते शिक्षक होण्यासाठी शिकत असताना. १९९१ मध्ये तर आमचे बिऱ्हाड कोल्हापुरात होते!

एका रविवारी आम्ही एसटी पकडली. बिद्री गेले, मुदाळ तिट्टा गेला, दोन्ही बाजूंना ऊस. वेदगंगेच्या काठचे गारगोटी हे भुदरगड तालुक्याचे मुख्य गाव. १३ डिसेंबर १९४२ रोजी इथल्या कचेरीवर चालून गेलेले सात क्रांतिकारक हुतात्मा झाले. पुढे दहा वर्षांनी डॉ. जे. पी. नाईक यांनी इथे मौनी विद्यापीठ उभे केले. खेड्यातल्या मुलांना खेड्यातच शिकता यावे, ही त्यामागची कळकळ. अब्बा तिथलेच.

गावाच्या नावाचीही गंमत वाटली. गारगोटी म्हणजे क्वार्ट्झ. सेलच्या घड्याळात याच जातीचा स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो आणि वेळ राखतो. १९६९ मध्ये जपानच्या सेको कंपनीने असे पहिले मनगटी घड्याळ विक्रीला आणले आणि चावीच्या घड्याळांचे दिवस फिरले. १९६१ पासून बंगळुरूत सिटिझनच्या मदतीने घड्याळे बनवणाऱ्या एचएमटीचा घड्याळ विभाग बंद करण्याचा निर्णय सरकारने २०१६ मध्ये घेतला. आता सुटा भाग हवा तर दुसरे जुने घड्याळच मोडावे लागते.

पावतीवरच्या दुकानात आज मोबाईलची कव्हरे टांगलेली. मात्र कोपऱ्यात काचेची जुनी पेटी आणि तिच्यामागे एक वृद्ध चाचा. सलाम करून घड्याळ पुढे ठेवले. त्यांनी ते कानाला लावले.

“कुणी तेल पाजलं ह्याला?”

आम्ही माना खाली घातल्या.

“केसासारख्या कमानीला तेल लागलंय. वेढे एकमेकाला चिकटले की कमान आखूड पडती, मग घड्याळ पळतंय. हात माझा थरथरतोय आता. तुम्ही करा, मी सांगतो.”

दुपारभर आम्ही त्यांच्या शब्दावर चाललो. बॅलन्स व्हील सोडवून पेट्रोलमध्ये धुतले, फुंकणीने वाळवले. घड्याळाचे खास तेल सुईच्या टोकावर घेऊन फक्त ज्वेलच्या खळग्यांना लावले, तेही नावापुरते. हे चाक सेकंदाला पाच टिक देते, म्हणजे दिवसाला ४,३२,०००. एवढे काम करणाऱ्याला तेल जास्त झाले तरी सोसत नाही.

झाकणातल्या तारखा आम्ही वाचून दाखवल्या. “पहिल्या दोन माझ्या उस्तादांच्या. तिसरी माझी. कोल्हापुरात ढीगभर दुकानं, पण मास्तर इकडंच यायचे. म्हणायचे, ज्यानं आधी उघडलंय त्याला त्याची खोड ठाऊक असती. घड्याळ इथं ठेवून जोहरला जायचे, परत येऊन बाकावर बसायचे.”

अब्बांचा हा रविवार आम्हाला कधी कळलाच नव्हता.

बहुतेक घरांच्या कपाटात असे एखादे घड्याळ असेलच. ते हलवून चालू करू नका, बाहेरून तेल सोडू नका. मोबाईलच्या स्पीकरजवळ ठेवू नका, चुंबकानेही वेळ बिघडते. जाणत्याकडून एकदा साफ करून घ्या आणि रोज ठरल्या वेळी चावी द्या. आमच्याकडे आता फजरनंतर अम्मी देते.

निघताना आम्ही विचारले, “चाचा, चौथी खूण आम्ही करू का?”

“येवढी घाई? सहा महिने वेळ बरोबर दाखवू दे. मग करा.”

रोज अजानशी वेळ ताडून आम्ही वहीत लिहितो. झाकणावर तिसऱ्या तारखेखालची जागा अजून रिकामी आहे.